कळते, पण वळत नाही!

पूर्वी गावात चोरी झाली आणि संशयित चार-पाच निघाले, की जुनी जाणती माणसे एक युक्ती करीत. सगळ्यांना ओळीने बसवीत, प्रत्येकाला मूठभर कोरडे तांदूळ चावायला देत आणि थोड्या वेळाने समोरच्या पानावर थुंकायला सांगत. ज्याच्या तोंडातले तांदूळ कोरडेच्या कोरडे बाहेर पडत, तो चोर! तांदूळ मंतरलेले आहेत असा बोभाटा आधीच झालेला असे, त्यामुळे खऱ्या चोराची बसल्या जागी गाळण उडे.

रीत भाबडी वाटली तरी तिच्यामागे शरीरशास्त्र आहे. हात उचलणे, चालणे, बोलणे ही कामे आपण इच्छेने करतो. पण हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, घाम, लाळ, डोळ्यातील बाहुलीचे लहानमोठे होणे ही खाती आपल्याला विचारून चालत नाहीत. ती स्वायत्त मज्जासंस्थेच्या ताब्यात असतात. हिच्या दोन शाखा. एक परानुकंपी, ही शांततेच्या काळातली. जेवण पचवा, लाळ सोडा, ठोके सावकाश ठेवा, असा तिचा कारभार. दुसरी अनुकंपी, ही संकटातली. तिने हुकूम सोडला की मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रिनॅलिन ओततात, छाती धडधडू लागते, तळहाताला घाम सुटतो, आतड्यांचे काम थबकते आणि लाळ आटते. तांदूळ कोरडे राहतात ते यामुळे.

आपल्या बोलीने ही सारी लक्षणे केव्हाच टिपून ठेवली आहेत. काळजात धस्स होते, पोटात गोळा येतो, तोंडाला कोरड पडते, दरदरून घाम फुटतो, हातापायांना कापरे भरते. ‘मन खाते’ असे आपण म्हणतो, ‘खाई त्याला खवखवे’ असेही म्हणतो. सदसद्विवेकबुद्धी हा शब्द जड आहे, पण तिचा मुक्काम शरीरात आहे हे आपल्या आजीला ठाऊक होते!

मात्र तांदळाच्या परीक्षेत एक मोठी खोट आहे. शिर्डीत आज शेकडो लॉज आणि हॉटेले आहेत व त्यांत परगावची कोवळी पोरे कामाला आहेत. एखाद्या पाहुण्याचा मोबाईल सापडेना की पहिला संशय खोली झाडणाऱ्या पोरावर. मालक ओरडतो, चार माणसे गोळा होतात, कोणीतरी पोलिसांचे नाव काढते. पोराचे पाय लटपटतात, घाम फुटतो, जीभ टाळूला चिकटते. ‘बघा, कसा घाबरला! यानेच घेतला!’ असा निकाल लागतो. वाचकहो, घामाचा अर्थ एवढाच की पोरगा घाबरला आहे. चोरी केल्यामुळे घाबरला, की मार बसेल म्हणून घाबरला, हे घाम सांगत नाही. उलट गुरुपौर्णिमेच्या गर्दीत सराईतपणे खिसे कापणारा पाकीटमार शांतपणे तांदूळ चावून ओलेचिंब थुंकेल.

आजची लाय डिटेक्टर यंत्रे म्हणजे हेच तांदूळ, फक्त विजेवर चालणारे. ती नाडी, श्वास, रक्तदाब आणि हाताचा घाम मोजतात. त्यापुढची पायरी म्हणजे मेंदूतील विद्युतलहरी मोजून माणसाला गुन्ह्याचा प्रत्यक्ष अनुभव आहे की नाही हे सांगणारी चाचणी. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात एका तरुणीला जन्मठेप सुनावली, तेव्हा या चाचणीचा अहवालही पुराव्यात धरला गेला होता. त्यावर जगभरच्या मेंदूतज्ज्ञांनी भुवया उंचावल्या. पुढे उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात स्पष्ट केले, की नार्को, लाय डिटेक्टर किंवा मेंदूची चाचणी संबंधिताच्या संमतीशिवाय करता येणार नाही आणि संमतीने केली तरी तिचा निष्कर्ष हाच पुरावा मानता येणार नाही. माझ्या मते हा निकाल वैद्यकशास्त्राशी सुसंगत आहे.

तेव्हा शरीराची भीती पुरावा म्हणून कुचकामी. पण शिक्षक म्हणून तिचे मोल फार मोठे आहे.

दोन-तीन वर्षांचे मूल धाकट्या भावाच्या हातातले खेळणे हिसकावते. आई डोळे वटारते, आवाज चढवते. मुलाच्या छातीत धस्स होते. असे दहा-वीस वेळा घडले की पुढे आईने डोळे वटारण्याची गरज राहत नाही. हात पुढे करण्याचा विचार येताच आतली घंटा आपोआप वाजते आणि हात मागे येतो. मेंदूत खोलवर अमिग्डाला नावाचा बदामाच्या आकाराचा भाग आहे, तो ही सांगड घालतो व वर्षानुवर्षे जपून ठेवतो. आईवडील, शाळा, गाव आणि देव या सर्वांनी मिळून वाजवायला शिकविलेली ही घंटा म्हणजे आपल्या सद्सद्विवेकाचा पाया.

याचे उदाहरण आपल्याच नगर जिल्ह्यात आहे. शिर्डीला येणारा भाविक बहुधा त्याच फेरीत शनिशिंगणापूरही करतो. तिथल्या घरांना दारे नाहीत, कुलपे नाहीत. चोरी करणाऱ्याला शनिदेव शासन करतात ही तिथली श्रद्धा. २०११ साली युको बँकेने तिथे शाखा उघडली तीही दाराला नेहमीचे कुलूप न ठोकता! श्रद्धा-अंधश्रद्धेचा वाद मला येथे घालायचा नाही. मला वैद्य म्हणून एवढेच दिसते, की पाळण्यापासून जे मूल हे ऐकत वाढते, त्याच्या मज्जातंतूंत दुसऱ्याच्या उघड्या घराची घंटा फार जोराने वाजत असणार. मात्र ज्याच्या अंगात ही घंटा बसवलेलीच नाही त्याला ती अडवणार कशी? २०१० साली परगावच्या एका भाविकाने गाडीतून पैसे चोरीस गेल्याची तक्रार तिथे दिली होती आणि २०१५ साली गावात पोलीस ठाणेही झाले.

आता प्रश्न असा की, सर्वांच्याच शरीरात ही घंटा सारख्या जोराने वाजते काय? नाही. हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर, जिथे एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशजही राहतात, १९७२ साली तीन वर्षांच्या १,७९५ मुलांची तपासणी सुरू झाली. मुलाच्या बोटांना घाम मोजणारी छोटी पट्टी लावायची आणि कानावर एक साधा सूर ऐकवायचा. काही सेकंदांनी एक कर्कश, नकोसा आवाज. असे काही वेळा झाले की पुष्कळ मुलांना नुसता साधा सूर ऐकूनच घाम येऊ लागतो. म्हणजे ‘आता वाईट होणार’ हे त्यांचे शरीर शिकले. वीस वर्षांनी संशोधकांनी तिथल्या न्यायालयांतील नोंदी तपासल्या. गुन्ह्यात शिक्षा झालेले १३७ निघाले. त्यांच्याशी लिंग, वंश आणि घरची परिस्थिती जुळणारे पण गुन्ह्याची नोंद नसलेले २७४ निवडले. दुसऱ्या गटाला तिसऱ्या वर्षी त्या सुराने घाम सुटला होता. गुन्हेगार गटाला, सरासरीने पाहता, सुटला नव्हता. २०१० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्वीडनमध्ये लष्करी भरतीच्या वेळी सात लाखांवर तरुणांची नाडी मोजलेली होती. २०१५ साली त्या नोंदी पाहता असे आढळले, की विश्रांतीच्या वेळी ज्यांची नाडी फार मंद होती त्या गटात पुढे हिंसक गुन्ह्यांचे आणि अपघातांचेही प्रमाण अधिक होते.

हे वाचून कोणी घरी मुलाची नाडी मोजत बसू नये! हे गटांच्या सरासरीचे आकडे आहेत. एकेका मुलाचे भविष्य त्यातून काढता येत नाही. रोज पळणाऱ्या खेळाडूची नाडी पन्नासच असते आणि ज्यांची छाती धडधडत नाही अशीच माणसे बॉम्ब निकामी करतात, विहिरीत उतरून बुडणाऱ्याला काढतात.

पण पालकांना यातून एक गोष्ट घेता येते. काही मुलांना भीती वाटतच नाही. त्यांना कितीही बडवा, ती कोडगी होतात. ‘याला किती मारले तरी फरक नाही’ अशी तक्रार घेऊन येणारे बाप माझ्याकडे वर्षाला पाच-सहा तरी असतात. मी म्हणतो, अहो, ज्या दोरीला घंटाच बांधलेली नाही ती ओढून काय उपयोग? अशी मुले शिक्षेने शिकत नाहीत, पण कौतुकाने शिकतात, कामगिरी सोपविली की शिकतात. चांगल्या वागण्याचे लगेच आणि दर वेळी कौतुक, आज एक उद्या दुसरे अशी धरसोड नाही, हा मार्ग. मॉरिशसमध्येच तीन ते पाच वर्षे वयाच्या शंभर मुलांना दोन वर्षे चांगला आहार, खेळ-व्यायाम, आरोग्य तपासणी आणि उत्तम बालवाडी दिली गेली. तेविसाव्या वर्षी या मुलांत गुन्हेगारीचे प्रमाण इतरांपेक्षा कमी दिसले आणि जी मुले मुळात कुपोषित होती त्यांच्यात फायदा अधिक. आपल्या अंगणवाडीतल्या उसळीकडे आणि अंड्याकडे या नजरेने कोणी पाहत नाही.

घंटेचे झाले. पण घंटा वाजली तरी ती ऐकून गाडी थांबवणारा कोणीतरी हवा. तो बसतो कपाळाच्या मागे, मेंदूच्या अग्रभागात. हा भाग माणसात सर्वांत मोठा आणि पक्व व्हायला सर्वांत सावकाश, थेट पंचविशीपर्यंत.

याचा पहिला गाजलेला दाखला १३ सप्टेंबर १८४८ चा. अमेरिकेत रेल्वेमार्गासाठी सुरुंग ठासताना फिनिअस गेज नावाच्या पंचवीस वर्षांच्या मुकादमाच्या गालातून शिरलेली सव्वा इंच जाडीची, साडेतीन फुटांहून लांब पहार डोक्यातून आरपार निघून गेली. माणूस वाचला! चालता-बोलता राहिला, स्मरणशक्ती शाबूत. पण पूर्वीचा जबाबदार, मनमिळाऊ मुकादम तो राहिला नाही. शिवराळ, लहरी, कोणाचे न ऐकणारा असा झाला, इतका की कंत्राटदाराने त्याला परत कामावर घेतले नाही. सांगायला आनंद वाटतो, की पुढे चिली देशात त्याने काही वर्षे घोडागाडी हाकण्याचे नियमित काम केले, म्हणजे बराचसा सावरला असावा.

दीडशे वर्षांनी अमेरिकेतीलच आयोवा येथे मेंदूतज्ज्ञांनी पत्त्यांचा एक खेळ मांडला. चार गड्ड्या. दोन गड्ड्यांत मोठे लाभ पण त्याहून मोठे दंड, दोहोंत लहान लाभ आणि लहान दंड. खेळता खेळता निरोगी माणसाचा हात वाईट गड्डीकडे जाऊ लागला की तळहाताला घाम सुटे. गंमत अशी, की ती गड्डी वाईट आहे हे त्याला अजून कळलेलेही नसे! शरीराला आधी कळे, डोक्याला मागाहून. ज्यांच्या मेंदूच्या अग्रभागाचा तळ बिघडला होता त्यांना हा घाम सुटत नसे. त्यांच्यापैकी काहींना पुढे नीट सांगता येई की अमुक गड्डी बुडवणारी आहे, आणि तरीही ते तीच उचलत.

कळते, पण वळत नाही! आपण हे शब्द आळशी विद्यार्थ्याला उद्देशून वापरतो. वैद्यकाच्या दृष्टीने ‘कळणे’ आणि ‘वळणे’ ही मेंदूची दोन निरनिराळी कामे आहेत आणि एक शाबूत असताना दुसरे बिघडू शकते.

२००३ साली एका वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतील चाळीस वर्षांच्या एका शिक्षकाची हकीकत आली. आयुष्यभर सरळ वागलेला माणूस अचानक अश्लील चित्रांच्या नादी लागला, सावत्र मुलीशी गैरवर्तन केल्यावरून न्यायालयात उभा राहिला. शिक्षेच्या आदल्या रात्री डोके असह्य दुखते म्हणून रुग्णालयात गेला. तपासणीत कपाळामागे, मेंदूच्या तळाशी मोठी गाठ निघाली. शस्त्रक्रियेने गाठ काढल्यावर त्या वासना गेल्या. काही महिन्यांनी पुन्हा डोके दुखू लागले, पुन्हा तोच नाद. तपासले तर गाठ पुन्हा वाढलेली. ती काढली आणि माणूस पुन्हा ताळ्यावर. आपण करतो ते वाईट आहे हे त्याला सारा काळ कळत होते. अशी गाठ लाखात एखाद्याला. म्हणून प्रत्येक बलात्काऱ्याच्या डोक्यात गाठ शोधायला जाऊ नये, हेही तितकेच खरे.

आपल्याकडे मात्र मेंदूचा अग्रभाग बिघडण्याची कारणे इतकी दुर्मिळ नाहीत. पहिले कारण आपल्या दारातून जाते, नगर-मनमाड रस्ता. या रस्त्यावरच्या खड्ड्यांनी आणि उसाच्या ट्रॅक्टर-ट्रेलरांनी किती जीव घेतले ते सर्वांना माहीत आहे. जे वाचले त्यांच्याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. हेल्मेट नसते, डोके आपटते, पंधरा दिवस बेशुद्धी, मग घरी. शेजारीपाजारी म्हणतात, साईबाबांनी वाचवले. सहा महिन्यांनी बायको दबक्या आवाजात सांगते, ‘डॉक्टरसाहेब, हे पहिल्यासारखे राहिले नाहीत. शुल्लक कारणाने ताट भिरकावतात. लेकरांना कधी हात लावला नव्हता, आता पट्ट्याने मारतात. उसने घेतात अन् उडवतात.’ सासरची मंडळी म्हणतात, हिचेच तोंड वाईट. वास्तविक डोके आपटले की मेंदूचा पुढचा भाग कवटीच्या खडबडीत तळावर घासतो आणि लगामच तुटतो. अशा माणसाला औषधांनी व नियमित दिनक्रमाने बराच आराम पडतो, पण आधी तो ‘माजला’ नसून जायबंदी आहे हे घरच्यांना उमगले पाहिजे. आणि मार खाणाऱ्या बायको-मुलांनी हा आजार आहे म्हणून मार सोसावा असेही मुळीच नाही. त्यांना आधी सुरक्षित ठिकाणी ठेवून मगच उपचाराचे बघावे.

दुसरे कारण दारू. तिच्यावर मी या सदरात अनेकदा लिहिले आहे, म्हणून येथे एवढेच सांगतो, की दारू सर्वांत आधी गुंगवते ती या कपाळामागच्या पहारेकऱ्याला. हातपाय लडखडण्यापूर्वीच पहारेकरी झोपलेला असतो. म्हणून भांडणे दुसऱ्या-तिसऱ्या पेगालाच पेटतात.

तिसरे कारण उतारवयातले. आमच्या परिसरातील एक निवृत्त गृहस्थ, आयुष्यभर हिशेबाचे काटेकोर, साठी उलटल्यावर बाजारात दुकानासमोरून जाताना पेढ्याचा पुडा उचलून चालू लागले. लपवणे नाही, इकडेतिकडे बघणे नाही. हटकले तर हसत. नात्यातल्या बायकांना नको ते बोलत. एकदा लोकांनी त्यांना चोर म्हणून धक्काबुक्की केली. स्मरणशक्ती मात्र ठणठणीत, तारखा-वार तोंडपाठ, त्यामुळे ‘वेड’ असेल अशी शंका कोणाला येईना. मी त्यांना नाशिकला मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठविले. एमआरआयमध्ये मेंदूचा पुढचा भाग वाळत चाललेला दिसला. हा स्मृतिभ्रंशाचाच एक भाऊबंद, पण यात विसरण्याऐवजी आधी लाजलज्जा जाते. अमेरिकेत स्मृतिभ्रंशाच्या २,३९७ रुग्णांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात या विशिष्ट प्रकारच्या रुग्णांपैकी ३७ टक्के कधी ना कधी चोरी, छेडछाड, बेदरकार वाहन चालवणे अशा कायद्याबाहेरच्या वागणुकीत सापडलेले होते. नेहमीच्या विसरभोळेपणाच्या आजारात हे प्रमाण फार कमी. या रोगाला अजून बरे करणारे औषध नाही, वागणूक थोडी निवळवणारी औषधे आहेत. त्या गृहस्थांच्या मुलाने शहाणपणा केला. बाजारातल्या सात-आठ दुकानदारांना कागदपत्रे दाखवून सारे समजावून सांगितले. तेव्हापासून दुकानदार त्यांना काही बोलत नसत, वहीत टिपून ठेवत आणि मुलगा संध्याकाळी पैसे चुकते करी.

पण उतारवयात असे वागणे दिसले तर लगेच ‘काही इलाज नाही’ असेही ठरवू नये. थायरॉइडचा बिघाड, बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव (शाकाहारी मंडळींत हा पुष्कळ आढळतो), न्हाणीघरात घसरून लागलेल्या किरकोळ मारानंतर काही आठवड्यांनी कवटीत साचलेले रक्त, यांनीही स्वभाव पालटतो आणि ही कारणे दूर करता येतात. आणखी एक, फारसे माहीत नसलेले. कंपवातासाठी प्रॅमिपेक्सॉल किंवा रोपिनिरोल ही औषधे घेणाऱ्या काही रुग्णांना जुगाराचा, खरेदीचा किंवा कामवासनेचा अनावर नाद लागतो. आयुष्यात पत्त्याला न शिवलेले आजोबा लॉटरीत पैसे घालू लागले तर त्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा. गोळ्या मनाने बंद करू नका, डॉक्टर मात्रा कमी करतील.

आता कायद्याकडे वळू. कायदा मुख्यतः ‘कळण्या’विषयी विचारतो. जुन्या भारतीय दंड संहितेचे कलम ८४, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २२ झाले, असे सांगते, की मनोविकृतीमुळे आपण काय करतो आहोत किंवा जे करतो ते चुकीचे वा बेकायदा आहे हे त्या क्षणी ज्याला कळूच शकत नव्हते, तो गुन्हेगार ठरत नाही. हे सूत्र मूळ इंग्लंडचे, १८४३ च्या मॅकनॉटन खटल्यातून आलेले. ‘कळत होते पण वळत नव्हते’ म्हणणाऱ्याला या कलमाचा आधार मिळत नाही.

रामन राघवचे नाव माझ्या पिढीच्या वाचकांनी लहानपणी ऐकले असेल. १९६८ साली मुंबईच्या उपनगरांत रात्री झोपडीत, उघड्यावर झोपलेल्या गोरगरिबांची डोकी ठेचली जात होती. सारी मुंबई जागत होती. २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियालो यांनी त्याला ओळखून पकडले, तपासाची सूत्रे रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. चाळीसच्या आसपास खुनांची कबुली त्याने दिली. खटल्यात डॉक्टरांचीच मते भिन्न पडली आणि फाशीची शिक्षा झाली. त्याने अपीलही केले नाही. नंतर तीन मनोविकारतज्ज्ञांच्या मंडळाने त्याला पाच वेळा, दर वेळी सुमारे दोन तास तपासले. त्याच्या मते जगे दोन होती. एक ‘कानून’चे आणि दुसरे हे आपले. शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी निरोपाचा हात पुढे केला तर त्याने तो हातात घेतला नाही. आपण कानूनचे प्रतिनिधी, या दुष्ट जगातल्या माणसांना शिवणार नाही, असे त्याचे म्हणणे. निदान झाले, जुनाट संशयी छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया. १९८७ साली उच्च न्यायालयाने फाशीऐवजी जन्मठेप दिली. १९९५ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने तो मरण पावला. बळी पडलेल्यांच्या नातलगांना हा न्याय वाटला असेल का, मला सांगता येणार नाही. पण आजारी मेंदूला फाशी देऊन दुसऱ्या आजारी मेंदूला दहशत बसत नाही, हे मात्र सांगता येते.

येथे एक गैरसमज लगेच पुसला पाहिजे. स्किझोफ्रेनियाचे बहुसंख्य रुग्ण कोणाला इजा करीत नाहीत. उलट तेच लोकांच्या थट्टेला, दगडांना आणि अत्याचाराला बळी पडतात. आणि तुरुंगातले बहुसंख्य खुनी छिन्नमनस्क नसतात. पैसा, जमिनीचा बांध, संशय आणि दारू, हीच कारणे जास्त.

दुसरे प्रकरण आपल्याच राज्यातले, एका पोलीस शिपायाचे. १९९२ पासून त्याच्यावर संशयी स्किझोफ्रेनियाचे उपचार चालू होते. वडिलांनाही मनोविकार होता. १९९४ साली नोकरी सोडू नका म्हणणाऱ्या पत्नीचा त्याने दिवसाढवळ्या खून केला. ना लपला, ना पळाला. खालच्या न्यायालयांनी जन्मठेप दिली. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला कलम ८४ चा फायदा दिला. न्यायालयाने काय पाहिले? उपचाराचे कागद. १९९२ पासूनचे निदान आणि घटनेनंतर जून ते डिसेंबर १९९४ या काळात त्याला पंचवीस वेळा रुग्णालयात न्यावे लागले होते त्याच्या नोंदी.

आमच्या भागात अशा कागदांचे काय होते ते मला ठाऊक आहे. मुलीची सोयरीक जुळायची म्हणून भावाच्या मनोविकाराच्या चिठ्ठ्या चुलीत जातात. औषधे दुसऱ्या तालुक्यातून, वेगळ्या नावाने आणली जातात. माझी विनंती आहे, चिठ्ठ्या जाळू नका. तारखेनिहाय एका पिशवीत ठेवा. अपघात झाला असेल तर स्कॅनची फिल्म फेकू नका, दहा वर्षांनीही ती लागते.

घरातल्या प्रौढ माणसाचा स्वभाव काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पार पालटला, पूर्वी कधी न केलेली चोरी, शिवीगाळ, जुगार किंवा छेडछाड सुरू झाली, तर मांत्रिकाकडे किंवा चौकीत जाण्याच्या आधी डॉक्टरांकडे न्या. बरोबर दोन गोष्टी लिहून आणा. बदल नेमका कोणत्या महिन्यापासून आहे, आणि त्याच्या आधी डोक्याला मार, झटका, डोकेदुखी, नवी औषधे किंवा दारूत वाढ यांपैकी काय झाले. रुग्णासमोर बोलणे अवघड वाटत असेल तर कागद आमच्या हातात द्या, आम्ही वाचून घेतो. मनोविकाराच्या सल्ल्यासाठी केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालतो, मराठीत बोलता येते आणि नाव सांगण्याची सक्ती नाही.